वेब फ्रेमवर्कमध्ये स्वतःचा बॉडी पार्सर कसा जोडायचा

पोस्ट रिक्वेस्टची बॉडी सर्व्हरपर्यंत येते ती नुसत्या बाइटच्या रूपात. त्या बाइटचा अर्थ कसा लावायचा हे सांगतो कंटेंट-टाइप हेडर, आणि प्रत्यक्ष अर्थ लावतो तो बॉडी पार्सर. फ्रेमवर्कसोबत दोन-चार पार्सर आयते मिळतात. त्यांच्या यादीत नसलेला प्रकार आला की सर्व्हर ४१५ देऊन मोकळा होतो: हा माध्यमप्रकार मला समजत नाही.

अशा वेळी स्वतःचा पार्सर जोडावा लागतो. कोड दहा-पंधरा ओळींचाच असतो, आणि त्यातली पार्स करणारी ओळ तर एकच. बाकीच्या ओळी काय नाकारायचं, किती वाचून थांबायचं आणि नाकारताना कोणता स्टेटस कोड द्यायचा यासाठी असतात. नवखे लोक नेमक्या याच ओळी गाळतात, म्हणून या लेखात भर त्यांच्यावर आहे.

उदाहरणासाठी नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) २० किंवा पुढची आवृत्ती आणि त्यावरचं फास्टिफाय ५ हे फ्रेमवर्क घेतलं आहे, कारण पार्सर जोडण्याची सोय त्यात अगदी उघड आणि स्वतंत्र आहे. एक्सप्रेस आणि जँगो रेस्ट फ्रेमवर्क वापरणाऱ्यांसाठी शेवटी वेगळा भाग आहे. फंक्शनची नावं इथे उच्चाराप्रमाणे जोडरेघा देऊन लिहिली आहेत. कोडमध्ये ती रोमन लिपीत, जोडरेघा काढून, कॅमल केसमध्ये (पुढच्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं) लिहायची. माध्यमप्रकार, हेडर आणि पॅकेज यांची नावंही रोमनमध्येच, पण त्यांतल्या जोडरेघा मूळच्याच आहेत, त्या तशाच ठेवायच्या.

पायरी १: पार्सर खरंच हवा आहे का?

फास्टिफायला मुळात दोनच प्रकार कळतात: ॲप्लिकेशन/जेसन आणि टेक्स्ट/प्लेन. पण यादीत नाही म्हणून लगेच लिहायला बसू नका. साध्या एचटीएमएल फॉर्मसाठी फॉर्मबॉडी नावाचं अधिकृत प्लगइन आहे, फाइल अपलोडसाठी मल्टिपार्ट आहे. मल्टिपार्टचा पार्सर तर स्वतः लिहूच नये. बाउंडरी (बॉडीतले भाग वेगळे करणारी खूण) दोन तुकड्यांच्या मध्येच तुटली की काय करायचं, एवढ्या एका प्रश्नातच आठवडा जातो.

बॉडी जीझिपने दाबलेली येत असेल तर तो पार्सरचा विषयच नाही. ते कंटेंट-एन्कोडिंग हेडरचं काम, आणि त्याची जागा प्री-पार्सिंग हुक (हुक म्हणजे ठरलेल्या टप्प्यावर आपोआप चालणारं तुमचं फंक्शन). तिथे उलगडलेली स्ट्रीम, म्हणजे तुकड्यातुकड्याने येणारे बाइट, परत करायची. मात्र त्या स्ट्रीमवर रिसीव्ह्ड-एन्कोडेड-लेंग्थ ही प्रॉपर्टी ठेवून त्यात मूळ दाबलेले किती बाइट आले ते मोजत राहावं लागतं. ती नसेल तर फास्टिफाय उलगडलेली लांबी कंटेंट-लेंग्थ हेडरशी ताडून पाहतो, दोन्ही जुळत नाहीत आणि चांगली रिक्वेस्टही ४०० (रिक्वेस्टच चुकीची) होऊन परत जाते.

तिसरा प्रकार म्हणजे ज्यांच्या नावाच्या शेवटी अधिक चिन्ह आणि जेसन असतं ते, उदाहरणार्थ ॲप्लिकेशन/मर्ज-पॅच+जेसन. आतला मजकूर साधा जेसनच असतो. अशा वेळी गेट-डीफॉल्ट-जेसन-पार्सर हे फंक्शन 'एरर', 'एरर' असे दोन आर्ग्युमेंट देऊन बोलवा आणि मिळालेला पार्सर नव्या नावाखाली नोंदवा. एका ओळीत काम होतं. ते दोन 'एरर' कशासाठी, हे पायरी ३ मध्ये येईल.

यांपैकी काहीच लागू पडत नसेल तरच पुढे चला. इथे उदाहरण एनडीजेसनचं आहे: प्रत्येक ओळीवर एक स्वतंत्र जेसन. लॉग आणि मोठ्या नोंदींच्या याद्या बहुधा याच रूपात पाठवतात, आणि त्यासाठी ॲप्लिकेशन/एक्स-एनडीजेसन हे नाव वापरायची पद्धत आहे.

पायरी २: पार्सर नेमका कधी चालतो

फास्टिफायमध्ये रिक्वेस्ट आली की क्रम असा असतो: ऑन-रिक्वेस्ट हुक, प्री-पार्सिंग हुक, मग पार्सर, मग प्री-व्हॅलिडेशन हुक, स्कीमाची तपासणी, प्री-हँडलर हुक आणि शेवटी हँडलर, म्हणजे उत्तर देणारं तुमचं फंक्शन. त्यामुळे ऑन-रिक्वेस्टमध्ये रिक्वेस्टची बॉडी अनडिफाइन्डच दिसणार. हे साधं वाटतं, पण बॉडीतल्या टोकनवरून प्रवेश तपासणारा हुक ऑन-रिक्वेस्टमध्ये लिहून "पार्सर चालतच नाही" असा निष्कर्ष काढणारे बरेच असतात.

याच क्रमाचा एक फायदा आहे. ज्याला प्रवेशच द्यायचा नाही त्याची बॉडी वाचत बसायची गरज नाही. टोकन हेडरमध्ये असेल तर तपासणी ऑन-रिक्वेस्टमध्येच उरका.

गेट आणि हेड रिक्वेस्टची बॉडी फास्टिफाय कधीच पार्स करत नाही. तुमचा पार्सर गेटवर चालत नसेल तर चूक पार्सरमध्ये शोधू नका.

पायरी ३: पहिला पार्सर

ॲड-कंटेंट-टाइप-पार्सर या फंक्शनला तीन गोष्टी द्यायच्या.

पहिली, प्रकाराचं नाव: ॲप्लिकेशन/एक्स-एनडीजेसन ही स्ट्रिंग.

दुसरी, ऑप्शनचा ऑब्जेक्ट. त्यात पार्स-ॲज या कीला 'स्ट्रिंग' किंवा 'बफर' यांपैकी एक किंमत, आणि बॉडी-लिमिट या कीला बाइटमध्ये आकडा. आकडा दिला नाही तर सगळ्या ॲपची मर्यादा लागू होते, आणि ती मुळात १०,४८,५७६ बाइट म्हणजे एक मेबीबाइट असते. आपण पाच मेबीबाइट घेऊ: ५२,४२,८८०.

तिसरी, फंक्शन. त्याला रिक्वेस्ट, बॉडी आणि डन (काम संपलं की बोलवायचं फंक्शन) अशी तीन आर्ग्युमेंट मिळतात. पार्स-ॲज दिल्यामुळे बॉडी सगळी वाचून हातात येते, स्ट्रीमशी झगडावं लागत नाही.

आता फंक्शनच्या आत. रिकामा ॲरे घ्या. बॉडी न्यूलाइनवर तोडत एकेक ओळ काढा, ओळीला ट्रिम लावा, रिकामी उरली तर सोडून द्या, नाहीतर पार्स करून ॲरेत टाका. पार्स करणं ट्राय-कॅचमध्ये असू द्या. चूक सापडली तर नवा एरर ऑब्जेक्ट बनवा, त्याच्या मेसेजमध्ये ओळीचा क्रमांक घाला, स्टेटस-कोड प्रॉपर्टीला ४०० द्या, डनला तो एरर देऊन बोलवा आणि तिथेच रिटर्न करा. सगळ्या ओळी पार पडल्या तर शेवटी डनला पहिलं आर्ग्युमेंट नल आणि दुसरं तो ॲरे.

एवढ्या कोडमध्ये अडखळण्याच्या पाच जागा आहेत.

ट्रिम शोभेसाठी नाही. विंडोजवर तयार झालेल्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी न्यूलाइनच्या आधी कॅरेज रिटर्न असतो. भरलेल्या ओळीमागचा कॅरेज रिटर्न जेसन पार्सर चालवून घेतो, पण "रिकामी" दिसणारी ओळ खरं तर रिकामी नसते, तिच्यात ते एक अक्षर असतं आणि तिथे पार्सर कोसळतो. काही संपादक फाइलच्या अगदी सुरुवातीला बीओएम नावाचं अदृश्य चिन्ह घालतात. जावास्क्रिप्टचा ट्रिम तेही काढून टाकतो.

स्टेटस-कोड विसरलात तर उत्तर ५०० (सर्व्हरची चूक) जातं. चूक क्लायंटच्या जेसनमध्ये, आणि अलार्म वाजतो तुमच्या सर्व्हरचा. शिवाय ५०० दिसलं की बरेच क्लायंट तीच रिक्वेस्ट पुन्हा पुन्हा पाठवतात. ४०० दिलं तर बहुतेक थांबतात.

डनला एरर देऊन रिटर्न केलं नाही तर लूप पुढे चालू राहतो आणि डन दुसऱ्यांदा बोलावला जातो. उलट एखाद्या फाट्यावर डन बोलावलाच नाही तर रिक्वेस्ट टाइमआउटपर्यंत लोंबकळते, लॉगमध्ये काहीही न येता. फंक्शन असिंक करायचं असेल तर डन पूर्ण काढून टाका: किंमत रिटर्न करा, एरर थ्रो करा. दोन्ही पद्धती एकत्र करू नका.

चौथी जागा सुरक्षेची, आणि ती सहज नजरेतून सुटते. फास्टिफायचा स्वतःचा जेसन पार्सर साधं जेसन-पार्स (कोडमध्ये जोडरेघेच्या जागी टिंब) वापरत नाही. तो सिक्युअर-जेसन-पार्स नावाचं पॅकेज वापरतो. दोन्ही बाजूंना दुहेरी अंडरस्कोअर असलेली 'प्रोटो' नावाची की जेसनमध्ये आली, तर पुढे तो ऑब्जेक्ट दुसऱ्यात कॉपी करताना प्रोटोटाइपच बदलला जाऊ शकतो. म्हणून ते पॅकेज अशी की दिसताच एरर देतं. गेट-डीफॉल्ट-जेसन-पार्सरला दिलेले दोन 'एरर' याचसाठी होते: एक प्रोटोसाठी, दुसरा कन्स्ट्रक्टरसाठी. तुम्ही स्वतःच्या पार्सरमध्ये सरळ जेसन-पार्स लिहिलंत की ते संरक्षण गेलं, आणि कुणी तुम्हाला सांगणार नाही की ते गेलं. तेच पॅकेज तुम्हीही वापरा.

पाचवी जागा म्हणजे बाइटची मर्यादा पुरेशी नसणं. पाच मेबीबाइटमध्ये "एक आकडा आणि न्यूलाइन" अशा दोन-दोन बाइटच्या २६,२१,४४० ओळी बसतात. स्प्लिटने तोडलं तर मोजायला सुरुवात करण्याआधीच तेवढ्या स्ट्रिंग मेमरीत तयार होतात, आणि त्या पार्स होईपर्यंत नोडचा एकमेव इव्हेंट लूप दुसऱ्या कुणाचंही काम करत नाही. म्हणून स्प्लिटऐवजी इंडेक्स-ऑफने पुढची न्यूलाइन शोधत चला, ओळी मोजा, आणि ठरलेली संख्या ओलांडली, समजा १०,०००, की ४१३ (बॉडी फार मोठी) देऊन थांबा.

पायरी ४: स्ट्रिंग की बफर

पार्स-ॲज 'स्ट्रिंग' दिलं की फास्टिफाय बॉडी यूटीएफ-८ समजून वाचतो. हेडरमधल्या कॅरसेटकडे (अक्षरं बाइटमध्ये कोणत्या पद्धतीने लिहिली आहेत ते सांगणारा भाग) तो पाहत नाही. क्लायंटने यूटीएफ-१६ पाठवलं आणि हेडरमध्ये प्रामाणिकपणे तसं लिहिलं, तरी हाती कचराच येणार. त्याहून वाईट म्हणजे मोडकी यूटीएफ-८ आली तर एरर येत नाही. चुकलेल्या बाइटच्या जागी प्रश्नचिन्हवालं काळं चौकट-चिन्ह बसतं आणि मजकूर निमूटपणे डेटाबेसमध्ये जातो. सहा महिन्यांनी कुणाचं तरी नाव तुटलेलं दिसतं, तेव्हा मूळ बाइट कुठेच उरलेले नसतात.

जो डेटा साठवायचा आहे त्यासाठी 'बफर' घ्या आणि टेक्स्ट-डीकोडर हा नोडमधलाच क्लास वापरा. त्याला फेटल या ऑप्शनची किंमत ट्रू द्या. मग चुकीच्या बाइटवर तो एरर फेकतो आणि तुम्ही तिथल्या तिथे ४०० देऊ शकता. हेडरमध्ये यूटीएफ-८ सोडून दुसरा कॅरसेट असेल तर सरळ ४१५ द्या. एकापेक्षा जास्त कॅरसेट सांभाळायची हौस फार क्वचित परवडते.

पायरी ५: मोठ्या बॉडीसाठी स्ट्रीम

पार्स-ॲज दिलंच नाही तर फंक्शनला दुसरं आर्ग्युमेंट म्हणून बॉडीऐवजी स्ट्रीम मिळते. शेकडो मेगाबाइट येणार असतील तर हाच मार्ग. पण इथे दोन जबाबदाऱ्या तुमच्याकडे येतात.

पहिली, मोजणी. पार्स-ॲज असताना बॉडी-लिमिट फास्टिफाय पाळतो. नुसती स्ट्रीम घेतली तर ती मर्यादा लागू होत नाही. प्रत्येक तुकड्याची बाइटमधली लांबी स्वतः मिळवत जा आणि हद्द ओलांडली की ४१३. केवळ कंटेंट-लेंग्थ हेडर पाहून निर्धास्त होऊ नका, कारण चंक्ड पद्धतीने, म्हणजे एकूण लांबी आधी न सांगता तुकड्यांत, पाठवलेल्या बॉडीत तो हेडर नसतोच.

दुसरी, अक्षरं तुटणं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक कोड पॉइंट (यूनिकोडमधलं एक सुटं चिन्ह) तीन बाइट घेतो. "मराठी" या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी असे पाच कोड पॉइंट, म्हणजे १५ बाइट. जावास्क्रिप्टमध्ये या शब्दाची लेंग्थ ५ दिसते, नेटवर्कवर मात्र १५ बाइट जातात. आता समजा पहिला तुकडा सात बाइटनंतर संपला. म आणि र पूर्ण आले, कान्याचा एकच बाइट आला, त्याचे उरलेले दोन पुढच्या तुकड्यात. प्रत्येक तुकड्यावर सुटं टू-स्ट्रिंग चालवलं तर दोन्हीकडे कान्याच्या जागी काळी चौकटचिन्हं येतात. इंग्रजी मजकुरावर चाचणी घेणाऱ्याला हे कधीच दिसत नाही, कारण तिथे एक अक्षर म्हणजे एक बाइट. उपाय सोपा आहे: एकच टेक्स्ट-डीकोडर सगळ्या तुकड्यांसाठी वापरा, प्रत्येक वेळी डीकोडला स्ट्रीम ट्रू हा ऑप्शन द्या, आणि शेवटी एकदा कोणताही मजकूर न देता डीकोड बोलवा म्हणजे उरलेसुरले बाइट तपासले जातात.

ओळींचंही तसंच. शेवटच्या न्यूलाइननंतरचा अर्धा तुकडा बाजूला ठेवायचा, पुढच्या तुकड्याच्या आधी जोडायचा. आणि त्या बाजूला ठेवलेल्या तुकड्यालाही मर्यादा हवी. न्यूलाइनच नसलेली बॉडी कुणी पाठवली तर तो वाढतच जातो. एका ओळीला एक मेबीबाइट ही हद्द बहुतेक कामांना भरपूर होते.

क्लायंट मध्येच निघून गेला तर स्ट्रीम एररने संपते. फॉर-अवेटने वाचत असाल तर तो एरर आपोआप बाहेर फेकला जातो. डेटा इव्हेंट ऐकत असाल तर एरर इव्हेंटही ऐकायलाच हवा.

पायरी ६: पार्सर कुठे नोंदवायचा

नवख्यांचा सर्वांत जास्त वेळ इथे जातो. पार्सर बरोबर, नाव बरोबर, तरी ४१५.

फास्टिफायमध्ये प्रत्येक रजिस्टर केलेल्या प्लगइनला स्वतःचा कॉन्टेक्स्ट असतो. वरच्या कॉन्टेक्स्टमध्ये नोंदवलेला पार्सर खालच्यांना मिळतो. खालच्या प्लगइनमध्ये नोंदवलेला वर दिसत नाही, शेजारच्या प्लगइनलाही दिसत नाही. पार्सरसाठी वेगळी फाइल केली, ती रजिस्टर केली आणि रूट (कोणत्या पत्त्याला कोणता हँडलर हे सांगणाऱ्या नोंदी) दुसऱ्या फाइलमध्ये ठेवले, की हमखास हाच घोटाळा होतो. सगळ्या ॲपला पार्सर हवा असेल तर ती फाइल फास्टिफाय-प्लगइन या पॅकेजमध्ये गुंडाळा आणि रूटच्या आधी रजिस्टर करा. दोन-तीन रूटपुरताच हवा असेल तर त्या रूटच्याच प्लगइनमध्ये ठेवा. शक्य तिथे दुसरा मार्ग पत्करा: जो प्रकार एकाच रूटला लागतो तो बाकीच्या पन्नास रूटवर उघडा ठेवण्यात काही लाभ नाही.

एकाच प्रकारासाठी दोनदा नोंदणी केली तर "आधीच आहे" असा एरर सर्व्हर सुरू होतानाच येतो. आयता जेसन पार्सर एकदा बदलता येतो. तुम्हीच वर नोंदवलेला खाली बदलायचा असेल तर आधी रिमूव्ह-कंटेंट-टाइप-पार्सर. आणि सर्व्हर सुरू झाल्यावर पार्सर जोडता येत नाही.

पायरी ७: नावं जुळवताना

साधी स्ट्रिंग दिली तर अर्धविरामानंतर कॅरसेट लिहिलेला हेडरही जुळतो, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. नावाऐवजी रेग्युलर एक्स्प्रेशनही चालतं. आधी स्ट्रिंग तपासल्या जातात, मग एक्स्प्रेशन. एकापेक्षा जास्त पार्सर जुळत असतील तर शेवटी जोडलेला आधी धरला जातो.

एक्स्प्रेशन लिहिताना सुरुवातीला कॅरेट चिन्ह लावाच, आणि प्रकाराच्या नावानंतर एकतर हेडर संपावा किंवा अर्धविराम यावा एवढंच मान्य करा. कॅरेट नसेल तर टेक्स्ट/प्लेन लिहून पुढे पॅरामीटरमध्ये ॲप्लिकेशन/जेसन हे शब्द घातलेला हेडरही जुळतो. याने काय बिघडतं? ब्राउझर दुसऱ्या साइटवरून तुमच्याकडे तीन प्रकारच्या बॉडी आधी परवानगी न विचारता पाठवू शकतो: साधा फॉर्म, मल्टिपार्ट आणि टेक्स्ट/प्लेन. जेसनला मात्र आधी ऑप्शन्स रिक्वेस्ट पाठवून विचारावं लागतं. टेक्स्ट/प्लेनमधला मजकूर तुम्ही जेसन म्हणून वाचलात की ती विचारणा टळली, आणि कुकीवर चालणारा तुमचा रूट परक्या पानावरून वापरता येऊ लागला. "क्लायंट हेडर नीट पाठवत नाहीत, म्हणून सगळंच जेसन समजा" ही सोय अशी महागात पडते.

तारांकन दिलं तर कुठेच न जुळलेलं सगळं त्या पार्सरकडे येतं. रिक्वेस्ट जशीच्या तशी दुसऱ्या सर्व्हरकडे ढकलायची असेल तेव्हा ते योग्य. बाकी ठिकाणी त्याचा अर्थ एवढाच, की ४१५ हे उपयोगी उत्तर तुम्ही बंद करून टाकलं.

सही तपासायची असेल तर

वेबहुक (घटना घडली की दुसऱ्या सेवेकडून आपोआप येणारी रिक्वेस्ट) पाठवणारे बहुधा बॉडीच्या मूळ बाइटवर एचमॅक, म्हणजे गुप्त किल्ली वापरून केलेली सही, काढून ती सही हेडरमध्ये देतात. पार्स झालेल्या ऑब्जेक्टवरून ती पडताळता येत नाही. ऑब्जेक्ट पुन्हा जेसन केला की मधल्या मोकळ्या जागा गेल्या, १.० चं १ झालं, बॅकस्लॅश-यूच्या रूपात आलेलं अक्षर साधं अक्षर झालं, आणि ९००७१९९२५४७४०९९३ हा आकडा तर पार्स होतानाच ९००७१९९२५४७४०९९२ झाला. एक बाइट बदलला तरी सही पूर्ण वेगळी.

यासाठी फक्त वेबहुकच्या प्लगइनमध्ये ॲप्लिकेशन/जेसनचा पार्सर पार्स-ॲज 'बफर' देऊन बदला. डेकोरेट-रिक्वेस्टने रॉ-बॉडी नावाची जागा आधीच करून ठेवा, पार्सरमध्ये तो बफर तिथे ठेवा आणि डनला पार्स केलेला ऑब्जेक्ट द्या. पडताळणी प्री-व्हॅलिडेशन हुकमध्ये करा आणि सही चुकली तर ४०१ (ओळख पटली नाही) द्या. तुलना क्रिप्टो मॉड्यूलमधल्या टायमिंग-सेफ-ईक्वल ने करायची. दोन बफरची लांबी वेगळी असेल तर ते फंक्शन फॉल्स देत नाही, एरर फेकतं, म्हणून आधी लांबी तपासा. एसएचए-२५६ ची सही हेक्समध्ये ६४ अक्षरांची, बाइटमध्ये ३२ ची असते. हे प्लगइन फास्टिफाय-प्लगइनमध्ये गुंडाळू नका, नाहीतर ॲपमधल्या प्रत्येक जेसन रिक्वेस्टची दुसरी प्रत मेमरीत राहील.

एक्सएमएल आणि यॅमल

दोन्हींत एकाच रिक्वेस्टने सर्व्हर झोपवता येतो. एक्सएमएलमध्ये एंटिटी (मजकुराला दिलेली लघुनावं) एकमेकांत गुंफून एक किलोबाइटपेक्षा लहान फाइल उलगडल्यावर अब्ज शब्दांची करता येते, आणि बाहेरच्या एंटिटीतून सर्व्हरवरची फाइलही वाचली जाऊ शकते. लायब्ररीत डीटीडी (एंटिटी जिथे घोषित होतात तो भाग) आणि एंटिटी बंद करता येत नसतील तर ती लायब्ररी घेऊ नका. यॅमलसाठी पायथनमध्ये सेफ-लोड (कोडमध्ये जोडरेघेच्या जागी अंडरस्कोअर), कधीच नुसतं लोड नाही. जावास्क्रिप्टमध्ये जेएस-यॅमल ४ पासून लोड मुळातच सुरक्षित आहे, पण यॅमलमधल्या टोपणनावांनीही डेटा फुगवता येतो, तेव्हा आकाराची हद्द लहान ठेवा.

चाचणी

कर्लने (टर्मिनलमधून रिक्वेस्ट पाठवणारं साधन) एनडीजेसनची फाइल पाठवताना डी हा पर्याय वापरलात तर तो फाइलमधल्या न्यूलाइन आणि कॅरेज रिटर्न काढून टाकतो. सगळ्या नोंदी एका ओळीत येतात आणि पार्सर म्हणतो "ओळ १ चुकली". डेटा-बायनरी वापरा. दोन्ही पर्याय हेडर मात्र साध्या फॉर्मचाच लावतात, म्हणून एच पर्यायाने कंटेंट-टाइप स्वतः द्यावा लागतो. फाइल कोणतीही असो, चूक नेहमी पहिल्याच ओळीत दिसत असेल तर आधी कर्लच्या कमांडकडे पाहा.

कायमच्या चाचण्या फास्टिफायच्या इंजेक्ट फंक्शनने लिहा, त्याला पोर्ट उघडावा लागत नाही. किमान एवढं तपासा: सरळ बॉडी, रिकामी बॉडी, तिसऱ्या ओळीत मोडकं जेसन आणि उत्तरात ४०० सोबत तोच क्रमांक, मर्यादेपेक्षा एक बाइट जास्त आणि उत्तर ४१३, कॅपिटल अक्षरांत लिहिलेला कंटेंट-टाइप, प्रोटो की. स्ट्रीमचा पार्सर असेल तर देवनागरी मजकूर एकेक बाइटच्या तुकड्यांनी पाठवा. इंजेक्टला पेलोड म्हणून स्ट्रीम देता येते. ही एक चाचणी पास झाली की तुकड्यांचे बहुतेक घोटाळे संपले.

एक्सप्रेस आणि जँगो वापरणाऱ्यांसाठी

एक्सप्रेसमध्ये पार्सर म्हणजे मिडलवेअर, रूटच्या आधी साखळीत एकामागून एक चालणाऱ्या फंक्शनांपैकी एक. बाइट वाचण्याचं काम स्वतः करू नका. एक्सप्रेस-टेक्स्ट किंवा एक्सप्रेस-रॉ (कोडमध्ये जोडरेघेच्या जागी टिंब) घ्या, टाइपमध्ये तुमचा प्रकार द्या, लिमिट द्या, आणि त्याच्या पुढच्या मिडलवेअरमध्ये बॉडी पार्स करून जागेवर ठेवा. लिमिट दिली नाही तर ती १०० केबी असते, फास्टिफायच्या जवळजवळ दहावा हिस्सा. चुकीसाठी एररच्या स्टेटसला ४०० देऊन तो नेक्स्टला द्या. क्रम महत्त्वाचा: हे रूटच्या आधी यायला हवं, आणि आधीच्या एखाद्या मिडलवेअरने स्ट्रीम वाचून संपवली असेल तर पुढच्याला काही उरत नाही. पार्स न झालेली बॉडी एक्सप्रेस ४ मध्ये रिकामा ऑब्जेक्ट असते, ५ मध्ये अनडिफाइन्ड. आवृत्ती बदलल्यावर बॉडीतली फील्ड वाचणारा जुना कोड यामुळेच कोसळतो.

जँगो रेस्ट फ्रेमवर्कमध्ये बेस-पार्सरपासून क्लास काढा, मीडिया-टाइप लिहा (क्लास सोडून इथल्या नावांत जोडरेघेच्या जागी अंडरस्कोअर) आणि पार्स ही मेथड द्या. चूक झाली तर पार्स-एरर उचला, तो ४०० होतो. व्ह्यूवर पार्सर-क्लासेस लिहिलं की मूळ यादी पूर्ण बदलते, त्यामुळे जेसनही हवं असेल तर जेसन पार्सर त्या यादीत पुन्हा लिहा. ओळी तोडायला पायथनचं स्प्लिटलाइन्स वापरू नका: जेसनच्या स्ट्रिंगमध्ये चालणाऱ्या यूनिकोडच्या ओळ-विभाजक चिन्हावरही ते तोडतं. स्प्लिटला न्यूलाइन देऊन तोडा. पार्सर आधी चालत नाही, रिक्वेस्टचा डेटा पहिल्यांदा मागितला की चालतो, म्हणून एररही तिथेच उगवतो. आणि जँगोची २.५ एमबीची मर्यादा स्ट्रीममधून थेट रीड केलं तर तपासलीच जात नाही. रीडला तुमची मर्यादा अधिक एक एवढा आकडा द्या. तेवढे बाइट खरोखर मिळाले तर बॉडी मोठी आहे.

सर्व्हरवर चढवताना

घरच्या मशीनवर पाच मेबीबाइट जातात आणि खऱ्या सर्व्हरवर दोन गेले तरी ४१३ येतं, असं झालं तर तुमच्या लॉगमध्ये ती रिक्वेस्ट आहे का ते आधी पाहा. नसेल तर ती तुमच्यापर्यंत पोचलीच नाही. समोर एनजिनएक्स (रिक्वेस्ट आधी घेऊन तुमच्याकडे पुढे पाठवणारा सर्व्हर) असेल तर त्याची क्लायंट-मॅक्स-बॉडी-साइझ (इथेही जोडरेघेच्या जागी अंडरस्कोअर) मुळात एक मेगाबाइट असते. ती पार्सरच्या मर्यादेपेक्षा किंचित जास्त ठेवा, म्हणजे सीमेवरच्या रिक्वेस्टना एनजिनएक्सच्या एचटीएमएल पानाऐवजी तुमचा नीट लिहिलेला जेसन एरर मिळेल. आणि ही मर्यादा फक्त त्या एका रूटच्या लोकेशन ब्लॉकमध्ये वाढवा, सगळ्या साइटवर नाही.